मेणबत्तीवरचे पाणी, डाख दिलेले डबे : गिर्यारोहकांच्या स्टोव्हचा इतिहास

२७ मे १९५२ ची रात्र. एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर, सुमारे ८,४०० मीटर उंचीवर, एका लहानशा तंबूत दोघे जण पहाटेची वाट पाहत होते : स्विस गिर्यारोहक रेमंड लँबर्ट आणि दार्जिलिंगचे तेनझिंग नोर्गे. त्यांच्याजवळ स्लीपिंग बॅग नव्हत्या आणि स्टोव्हही नव्हता. डब्यात बर्फ घ्यायचे, ते मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचे आणि सुटेल तेवढे घोटभर पाणी वाटून प्यायचे, एवढाच उपाय त्यांच्या हाती होता. दुसऱ्या दिवशी ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत चढले आणि तेथून त्यांना परतावे लागले.

त्याच वर्षी ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू हे चो ओयू शिखराच्या परिसरात उंचीचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासत होते. विरळ, थंड व कोरड्या हवेत माणूस जोरजोराने श्वास घेतो आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर शरीरातील पाणी बाहेर पडते. त्यामुळे अति उंचीवर दिवसाला तीन ते चार लिटर द्रव पोटात गेलाच पाहिजे, असा प्यू यांचा आग्रह होता. परंतु तेथे वाहते पाणी नसते. प्रत्येक घोट बर्फ वितळवूनच मिळवावा लागतो. म्हणजे प्रश्न पाण्याचा दिसत असला, तरी मुळात तो स्टोव्हचा आणि इंधनाचा होता. १९५३ च्या मोहिमेत स्टोव्हकडे विशेष लक्ष देण्यात आले. उंचीवर चालतील असे बदल त्यांत करण्यासाठी सी. आर. कुक यांची मदत झाली. कुक हे भारताच्या टपाल व तार खात्यातील अभियंते. नोव्हेंबर १९३५ मध्ये सिक्कीमच्या सीमेवरील काब्रू शिखर त्यांनी सर केले होते. २८ मे १९५३ च्या रात्री शेवटच्या तळावर तेनझिंग आणि एडमंड हिलरी यांच्याजवळ चालता स्टोव्ह होता. त्यांनी भरपूर सरबत प्यायले, आणि पहाटे हिलरी यांनी आपले गोठलेले बूटही त्याच ज्योतीवर मऊ केले. काही तासांनी दोघे शिखरावर होते. त्या यशात प्राणवायूच्या नळकांड्यांचा वाटा मोठा होताच. पण पोटात गेलेल्या पाण्याचा वाटाही विसरता येत नाही.

बर्फाचे पाणी करणे किती खर्चाचे असते, हे साध्या गणिताने कळते. शून्य अंश सेल्सिअसचे एक किलो बर्फ नुसते वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. या काळात तापमान एका अंशानेही वाढत नाही. सगळी उष्णता घनाचा द्रव करण्यातच खर्ची पडते. तेवढ्याच उष्णतेत एक लिटर पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणून बर्फाच्या प्रदेशात चहाचे पाणी करायला गावातल्यापेक्षा कितीतरी अधिक इंधन लागते, आणि जो हे गणित चुकतो त्याच्याजवळ अन्न असूनही तो तहानेने खचतो.

पाठीवर नेता येणारा द्रव इंधनाचा स्टोव्ह या गरजेतून घडत गेला. त्याचा इतिहास पाहिला, तर तीन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. इंधनाची वाफ कधी आणि कोठे होते? ते कशात कोंडलेले आहे? जळून उरलेला वायू जातो कोठे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे माणसाने मोठी किंमत देऊन मिळवली आहेत.

पहिले पाऊल स्वीडनमध्ये पडले. १८९२ मध्ये स्टॉकहोम येथील कारागीर फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी काजळी न धरणारा केरोसीनचा स्टोव्ह तयार केला. पुढे जगभर त्याला ‘प्रायमस’ या नावाने ओळखले जाऊ लागले. भारतातही पंपाच्या स्टोव्हला अनेक घरांत प्रायमसच म्हणत. त्याआधीच्या स्टोव्हमध्ये वात असे. वातीच्या टोकाशी रॉकेल अर्धवट जळे, ज्योत पिवळी पडे आणि भांड्याला काजळी धरे. लिंडक्विस्ट यांनी रंगारी व नळकाम करणाऱ्यांच्या ब्लोलॅम्पमधील तत्त्व उचलले. टाकीत पंपाने हवा भरायची. त्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढते, तापलेल्या बर्नरच्या पोकळीतून फिरताना त्याची वाफ होते, आणि ती वाफ सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून वेगाने बाहेर पडताना आजूबाजूची हवा ओढून घेते. मग जळते ते वाफ आणि हवा यांचे नीट मिसळलेले मिश्रण. त्याची ज्योत निळी असते आणि आवाज सुसाट असतो.

या रचनेत एक अडचण मात्र अंगभूत आहे. बर्नर गार असेल, तर वाफ होणार कशी? म्हणूनच आधी बर्नरखालच्या वाटीत थोडे स्पिरिट ओतून किंवा काकडा पेटवून बर्नर तापवावा लागतो. ज्यांनी घाईने, बर्नर पुरता तापण्याआधीच हवा भरली, त्यांनी छिद्रातून उडणारी रॉकेलची पिचकारी आणि तिचा हातभर भडका पाहिला आहे. दोष स्टोव्हचा नसतो; द्रवाची वाफ होण्याआधीच त्याला बाहेर ढकललेले असते.

या स्टोव्हची पहिली मोठी परीक्षा उत्तर ध्रुवीय बर्फावर झाली. १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडताना नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी स्पिरिटवर स्वयंपाक केला होता. स्पिरिट स्वच्छ जळते, पण एक किलो इथेनॉलमधून सुमारे २७ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक किलो केरोसीनमधून सुमारे ४३. शेकडो किलोमीटर ओझे ओढणाऱ्याला हा फरक क्षुल्लक वाटत नाही. मार्च १८९५ मध्ये ‘फ्राम’ जहाज सोडून नान्सेन आणि यालमार योहान्सेन ध्रुवाच्या दिशेने निघाले, तेव्हा त्यांच्या स्लेजवर प्रायमस होता. त्यावर नान्सेन यांनी दुहेरी आवरणाचे भांडे बसवले होते : आत अन्न शिजे, आणि एरवी बाजूने निसटून जाणाऱ्या गरम हवेवर बाहेरच्या भांड्यात बर्फ वितळे. सुमारे चार गॅलन रॉकेल दोघांना जवळपास १२० दिवस पुरले. स्टोव्हची निवड ही बर्नर, भांडे आणि वारा अडवणारे आवरण या तिघांची मिळून असते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

दुसरा धडा अंटार्क्टिकाने दिला आणि तो फार कठोर होता. १९११-१२ मध्ये रोआल्ड अमुंडसेन आणि रॉबर्ट फाल्कन स्कॉट यांच्या तुकड्या दक्षिण ध्रुवाकडे निघाल्या. दोघांनीही परतीच्या वाटेवर ठिकठिकाणी रॉकेलचे डबे पुरून ठेवले होते. डब्यातून रॉकेल हळूहळू नाहीसे होते, हा अनुभव ध्रुवीय प्रवाशांना नवा नव्हता. स्कॉट यांच्या आधीच्या मोहिमेत बुचे लावलेल्या डब्यांतून ते झिरपले होते. म्हणून या वेळी चामड्याचे वॉशर असलेली फिरकीची झाकणे वापरली गेली. परंतु कडाक्याच्या थंडीत चामडे आक्रसले व कडक झाले, आणि झाकणाच्या फटीतून इंधन निसटत राहिले. परतताना स्कॉट यांना एकामागून एक तळावर अपेक्षेपेक्षा कमी रॉकेल सापडले. इंधन कमी म्हणजे पाणी कमी, गरम अन्न कमी, ओले मोजे वाळवणे बंद. मार्च १९१२ च्या अखेरीस स्कॉट आणि त्यांचे दोन सोबती पुढच्या मोठ्या तळापासून अवघ्या ११ मैलांवर तंबूतच मरण पावले. त्यांच्या मृत्यूची कारणे अनेक होती, परंतु रिकामे होत गेलेले डबे त्यांपैकी एक होते.

अमुंडसेन यांनी झाकणांवर विश्वास ठेवला नाही. त्यांनी आपले डबे डाख देऊन बंद करून घेतले होते. त्यांना इंधनाची टंचाई जाणवली नाही. उलट परतीच्या वाटेवर माउंट बेटी येथे दगडांची रास रचून त्यांच्या तुकडीने १७ लिटर रॉकेलचा डबा, काड्यापेट्या आणि प्रवासाचे टिपण मागे ठेवले. १९२९ मध्ये लॉरेन्स गूल्ड यांच्या भूवैज्ञानिक तुकडीला ती रास आणि ते टिपण सापडले.

इंधन कोंडून ठेवण्याचा प्रश्न शहरांतही होताच. एकोणिसाव्या शतकात दिव्यासाठी विकल्या जाणाऱ्या रॉकेलमध्ये कधी कधी हलके, लवकर उडणारे घटक राहून जात आणि दिवे फुटत. यावर मोजमापाचा उपाय ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक एबल यांनी दिला. बंद वाटीत तेल सावकाश तापवायचे आणि ठरावीक अंतराने त्यावर लहानशी ज्योत दाखवायची. ज्या तापमानाला वरची वाफ क्षणभर पेट घेते, तो त्या तेलाचा फ्लॅश पॉइंट. १८७९ च्या ब्रिटिश कायद्याने एबल यांचे उपकरण स्वीकारले आणि ७३ अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअस, ही सीमा ठरवली. भारतातील आजच्या पेट्रोलियम नियमांतही अतिज्वालाग्राही ‘अ’ वर्गाची सीमा २३ अंशच आहे. तिच्याखाली पेट्रोल येते. २३ ते ६५ अंशांच्या ‘ब’ वर्गात केरोसीन आणि डिझेल येतात.

या आकड्यांमागचा अर्थ तंबूपर्यंत पोहोचतो. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली सुमारे ४० अंश असतो. हिमालयातील बर्फावरही त्यावर पेटण्याजोगी वाफ तरंगत असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि काही पावलांवरच्या ज्योतीपर्यंत पोहोचून परत उलटते. केरोसीनसाठी भारतीय मानक किमान ३५ अंशांचा फ्लॅश पॉइंट मागते. थंड प्रदेशात ही मर्यादा निर्धास्त करणारी आहे. परंतु मे महिन्यात राजस्थानात, विदर्भात किंवा तेलंगणात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात ठेवलेले केरोसीनही त्या मर्यादेपलीकडे गेलेले असू शकते. ‘रॉकेल सहसा पेटत नाही’ हा अनुभव पावसाळ्यातला असेल, तर तो उन्हाळ्यात जसाच्या तसा लागू होत नाही.

याच कारणाने एका स्टोव्हचे इंधन दुसऱ्यात घालणे धोक्याचे ठरते. केरोसीनच्या स्टोव्हची टाकी बर्नरच्या अगदी खाली असते आणि वापरात बरीच तापते. तिच्यात पेट्रोल भरले, तर पंप न मारताही टाकीतच वाफ होऊन दाब वाढत जातो, आणि हवा सोडण्याची चावी उघडताच वाफेचा लोट थेट ज्योतीवर येतो. उलट, पेट्रोलसाठी बनवलेल्या बर्नरमध्ये केरोसीन घातले, तर ते पुरेसे तापत नाही. छिद्र काजळीने बुजते आणि ज्योत पिवळी पडते.

टाकी ज्योतीपासून दूर न्यायची, हा विचार १९७० च्या दशकात प्रत्यक्षात आला. अमेरिकेतील सिएटल येथे लॅरी पेनबर्थी यांनी गिर्यारोहणाच्या साधनांची सुरक्षितता तपासण्यासाठी एमएसआर ही संस्था सुरू केली होती. उंचीवरील आजारांमागे शरीरातील पाण्याची कमतरता असते, असे त्यांचे मत होते. म्हणून बर्फ झपाट्याने वितळवणारा स्टोव्ह त्यांना हवा होता. १९७३ मध्ये त्यांनी आणलेल्या स्टोव्हमध्ये इंधनाची बाटली हीच टाकी होती आणि ती नळीने बर्नरला जोडलेली होती. बाटली गार राहू लागली आणि बर्नरभोवती वारा अडवणारे आवरण घालणेही निर्धोक झाले. टाकी बर्नरखाली असताना असे आवरण टाकीलाच तापवत असे. मात्र नव्या रचनेने सांधे वाढवले. नळी, पंप आणि बाटलीचे तोंड यांमधील रबरी कडी झिजली, की तेथून इंधन पाझरते. स्कॉट यांच्या डब्यांतला प्रश्न वेगळ्या जागी पुन्हा उभा राहिला.

तिसरा धडा दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. १९३४ च्या ध्रुवीय हिवाळ्यात अमेरिकन नौदल अधिकारी रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकातील एका हवामान केंद्रात एकटे राहिले होते. बर्फात पुरलेल्या त्या खोलीत स्टोव्ह होता आणि रेडिओसाठी विद्युतजनित्र होते. धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबत. कार्बन मोनॉक्साइडने ते हळूहळू खंगत गेले. त्यांचे संदेश विस्कळीत होऊ लागल्याचे मुख्य तळावरील सहकाऱ्यांच्या लक्षात आले आणि ऑगस्टमध्ये तिघे जण अंधारातून त्यांच्यापर्यंत पोहोचले. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. उंचीवर प्राणवायू आधीच कमी असतो. डोकेदुखी आणि मळमळ ही विषबाधेची लक्षणे तेथे ‘उंची लागली’ म्हणून सहज दुर्लक्षिली जातात.

भारतीय विज्ञानाचा या प्रश्नाशी संबंध रोजचा आहे. सियाचेन आणि लडाखमध्ये सैनिकांचे निवारे उबदार ठेवणाऱ्या बुखारीत अपुऱ्या ज्वलनामुळे हा वायू साचण्याचा आणि ज्योत उलटून भडकण्याचा धोका असतो. डीआरडीओच्या दिल्ली येथील शरीरक्रियाशास्त्र प्रयोगशाळेने, म्हणजे डिपासने, त्यासाठी ‘हिमतापक’ हे सुधारित साधन विकसित केले. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या वृत्तांनुसार सेनादलाने त्याची ४२० कोटी रुपयांहून अधिक रकमेची मागणी नोंदवली. प्यू यांनी पाण्याच्या निमित्ताने जे काम केले, तेच डिपास उबेच्या निमित्ताने करत आहे : ज्योतीचा विचार शरीरापासून सुरू करणे.

आज मोहिमेवर निघणाऱ्या विद्यार्थ्याने स्टोव्ह निवडताना या इतिहासाचा क्रम लक्षात ठेवला, तर पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात. आधी इंधन ठरवावे, मग स्टोव्ह. जेथे जायचे तेथे काय मिळते, हा पहिला प्रश्न. दिल्ली २०१४ मध्ये केरोसीनमुक्त जाहीर झाली. गॅसजोडण्या वाढल्या तसे अनेक ठिकाणी रॉकेल मिळणे कठीण झाले. पेट्रोल सर्वत्र मिळते, परंतु २०२३ पासून त्यात २० टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली आहे, आणि इथेनॉलने काही प्रकारचे रबर फुगते. म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेत ज्या इंधनाचे नाव आहे तेच वापरावे आणि रबरी कड्या प्रत्येक मोहिमेआधी तपासाव्यात.

इंधन घेऊन प्रवास करण्यालाही मर्यादा आहेत. विमानात ते नेता येत नाही. रेल्वेत ज्वालाग्राही पदार्थ नेणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात लपवून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे लागलेल्या आगीत नऊ जणांचा मृत्यू झाला. इंधन वेगळे असले, तरी बंद डब्यातील ज्योतीचा धोका तोच. इंधन शेवटच्या गावातच घ्यावे. १९३४ चा पेट्रोलियम अधिनियम परवान्याशिवाय थोडे पेट्रोल जवळ बाळगू देतो, पण त्यासाठी घट्ट बुचाची काच, चिनी माती किंवा धातूची भांडीच सांगतो. शीतपेयाच्या प्लॅस्टिक बाटलीला त्या यादीत जागा नाही. अशा बाटलीतले रॉकेल पाणी समजून प्यायले जाण्याचा धोका वेगळाच.

भरण्याची रीतही विज्ञानातूनच येते. स्टोव्ह विझवून, हवा सोडून, हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबावे आणि मगच तंबूबाहेर, इतर ज्योतींपासून दूर, नरसाळ्याने इंधन भरावे. बाटली काठोकाठ भरू नये. तापमान ३० अंशांनी वाढले, तर ही इंधने सुमारे तीन टक्क्यांनी प्रसरण पावतात, आणि द्रव दाबला जात नसल्याने रिकामी जागा नसेल तर सारा ताण सांध्यांवर येतो. शिवाय पंपाने भरलेल्या हवेलाही जागा लागते. सांडलेले इंधन पुसून, ते उडून जाईपर्यंत वाट पाहावी आणि स्टोव्ह भरल्या जागेपासून काही पावले दूर पेटवावा. पेटवण्याआधी दाब देऊन प्रत्येक सांधा ओला होतो का, ते पाहावे. स्पिरिटची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, म्हणून ‘विझला’ असे वाटणाऱ्या स्पिरिटच्या स्टोव्हमध्ये लगेच भर घालू नये. आणि बाहेर कितीही वारा असला, तरी बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये. वादळात नाइलाजच झाला, तर दाराशी, वर-खाली हवा खेळती ठेवून.

यांपैकी एकही सूचना कोणी टेबलापाशी बसून रचलेली नाही. बर्नर तापवण्याचा धीर स्टॉकहोमच्या कारागिराने शिकवला, भांड्याचे महत्त्व नान्सेन यांनी, घट्ट झाकणाचे मोल स्कॉट यांच्या रिकाम्या डब्यांनी, आणि हवेचे बर्ड यांच्या आजाराने. पुढच्या वेळी एखादी तुकडी हिमरेषेपलीकडे तंबू ठोकेल, तेव्हा झाकणाची रबरी कडी बदलायला लागणारी दोन मिनिटे तिला जड वाटू नयेत. १९१२ च्या मार्चमध्ये ११ मैलांचे अंतर कापण्याइतकी शक्ती उरू न देणाऱ्या गोष्टींमध्ये एक चामड्याचे वॉशरही होते.